एका कथेला दोन होकार

मला रीतभात नाही, असं पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा तुमसरच्या बाजारात धानाच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्पीला टेकून उभा होतो. ज्या रीतीवर माझं पोट भरलं, त्याच रीतीने मी त्यांच्याशी बोललो होतो. त्यांच्याकडे तिला बेइमानी म्हणतात हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगू शकेल असा एक माणूस होता, माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्याविषयी पुढे येईलच.

आधी आमची रीत सांगतो, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. मी धानाचा दलाल आहे. शेतकऱ्याच्या ढिगातलं मूठभर धान कागदाच्या पुडीत बांधायचं. त्याला आम्ही वानगी म्हणतो. ती घेऊन राइस मिलच्या दारोदार फिरायचं. मिलवाला पुडी उघडतो, धान तळहातावर चोळतो, फुंकर मारून कोंडा उडवतो, तांदूळ अखंड निघतो की तुटतो ते बघतो, एखादा दाणा दाताखाली फोडून ओल बघतो. मग भाव बोलतो, नाहीतर पुडी परत देतो. एकाच ढिगाची वानगी सगळ्या मिलांत दाखवायची असते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट दुसऱ्या मिलवाल्याला पहिल्याचा भाव जसाच्या तसा सांगायचा, हीच दलालाची अब्रू. खोटा भाव सांगून माल चढवणारे दलाल मी येताना पाहिले आणि जातानाही पाहिले. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी स्वतःची दलाली सुरू केली. मागे कुणी नव्हतं. आज मिलवाले माझी पुडी न चोळताही भाव बोलतात. तोंड माझं तिखट आहे, मान्य. पण माझ्या तोंडच्या भावावर कुणी शंका घेतलेली नाही.

आम्ही दोघे भाऊ. वडील लवकर गेले. आई बाजाराच्या आवारात सांडलेलं धान झाडायची. लिलाव होतो, तोलाई होते, गाड्या भरून निघून जातात, आणि मग जमिनीवर जे दाणे उरतात ते गोळा करणाऱ्या बायका असतात. शिंदीच्या पानांचा झाडू, आमच्याकडे त्याला फडा म्हणतात, एक सूप आणि एक टोपली. मातीसकट झाडायचं, सुपाने पाखडायचं, खडे वेचायचे. आमच्या घरी शिजायचा तो भात असा आलेला असायचा. उरलेलं धान विकून दादाचं कॉलेज झालं. दोघांना शिकवणं आईला शक्य नव्हतं. दादा मोठा, म्हणून तो भंडाऱ्याला गेला. मला दहावीनंतर आईनेच दंडाला धरून तोलाईच्या काट्यापाशी नेऊन उभं केलं. माझे गुण दादापेक्षा कमी नव्हते. पण त्या वेळी गुणपत्रिका कुणी काढून बघितली नाही.

दादा मराठीचा प्राध्यापक झाला. शहापूरला, हायवेपासून जरा आत, त्याने घर बांधलं. बैठकीत काचेचं कपाट, त्यात दिवाळी अंक वर्षवारीने लावलेले. पुण्याचा एक अंक तो वर्गणी भरून घेतो. त्यात कधीमधी त्याने लिहिलेलं पुस्तकाचं परीक्षण छापून येतं. कपाटात ज्यांना जागा मिळत नसे असे अंक वहिनी थैलीत भरून मला द्यायची, पुड्या बांधायला कागद म्हणून. पुड्या बांधण्याआधी मी ते वाचायचो. काट्यापाशी बसून वाचायचो, मिलच्या दारात मुनीम येईपर्यंत वाचायचो. साहित्याचं माझं शिक्षण ते एवढंच.

दादा निवृत्त झाला तेव्हा कॉलेजने मोठा समारंभ केला. मीही गेलो, नवा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसलो. एका वक्त्याने दादाचा परिचय करून दिला. सर शेतकरी कुटुंबातले, मातोश्री शेती सांभाळत, घरची शेती बघत बघत सर शिकले. आमच्याकडे शेती कधीच नव्हती. बांधावर उभं राहायलाही आमची जागा नव्हती. हा परिचय वक्त्याने स्वतःच्या मनाने लिहिला असेल असं मी धरून चाललो होतो. मग दादा बोलायला उभा राहिला आणि त्याने पहिलंच वाक्य म्हटलं की चिखलात धानाची रोवणी करणाऱ्या आईचे हात त्याला आजही दिसतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिचे हात मी पाहिले होते. त्यांना कोरड्या मातीने पडलेल्या भेगा होत्या, शेताचा चिखल त्यांना कधी लागला नव्हता.

त्या दिवशी माझ्या डोक्यात कथा सुरू झाली. लिहायला मात्र टाळेबंदी उजाडली. बाजार सकाळचे थोडे तास उघडायचा, मग दिवसभर घरी. मी लिहायला बसलो. एक बाई बाजाराच्या आवारात धान झाडते. एक दिवस लिलाव लवकर आटोपतो, व्यापारी रिकामे असतात, आणि त्यातला एक जण मस्करीत तिच्या टोपलीवर बोली लावतो. दुसरा चढवतो. तिसरा चढवतो. हसत हसत बोली कुठल्या कुठे जाते. बाईला वाटतं, आज नशीब उघडलं. मग चहाची वेळ होते आणि सगळे निघून जातात. टोपली कुणीच उचलत नाही. बाई बराच वेळ तिथेच उभी राहते, कारण शेवटची बोली ज्याने लावली तो परत येईल असं तिला वाटत असतं. एवढीच कथा. हे आमच्या आईच्या बाबतीत घडलं होतं. कथेत मी तिला दुसरं नाव दिलं, गावही बदललं. पण फडा, सूप आणि टोपली तशीच ठेवली.

मला ही कथा छापून आणायची होती आणि तीही दादाच्याच अंकात. त्याने दिवाळीत तो पुण्याचा अंक उघडावा, अनुक्रमणिकेत माझं नाव दिसावं, आणि त्याने त्या पानावर जावं. काचेच्या कपाटात त्या वर्षाच्या जागी ती बाई फडा घेऊन उभी राहावी आणि दादाला तिला तिथून काढता येऊ नये. याहून मोठी हाव मला नव्हती. मानधन वगैरे मी विचारलंही नसतं.

कथा कशी पाठवायची, कशी सुधारायची, हे दादाला विचारणं शक्य नव्हतं. म्हणून मोबाइलवर जाहिरात दिसली तेव्हा मी ऑनलाइन लेखनवर्गात नाव घातलं. पहिला वर्ग फुकट होता. मला ते आवडलं. म्हटलं, ही शिकवणारी बाई वानगी दाखवते, म्हणजे धंदा जाणते. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती.

"धान विकणं सोडून आता गोष्टी विकून राहिले का जी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही विकीन. ती म्हणाली, मग एखादी माझ्यावरची विका, गिऱ्हाईक नाही मिळालं तर वापस आणा.

वर्गात चौकोनी चौकोनी चेहरे. पुण्याचे, ठाण्याचे, एक जोडपं अमेरिकेतलं. मागे त्यांची पुस्तकांची कपाटं, कुंड्या, भिंतीवर चित्रं. माझ्या मागे कट्ट्यांची थप्पी. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः लेखिका होत्या. खोटं कशाला बोलू, त्यांनी चांगलं शिकवलं. माझ्या कथेची पहिली तीन पानं त्यांनी उडवायला लावली. मी हुज्जत घातली, मग ती काढून वाचून बघितली, आणि त्यांचं बरोबर होतं. एरवी दोनच पानं वाचून अभिप्राय द्यायची त्यांची पद्धत होती. मी म्हटलं, मॅडम, ढीग न बघता भाव बोलू नका, पूर्ण वाचा. त्या हसल्या, पण त्यांनी पूर्ण वाचली. दुसऱ्या वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या की ही कथा छापून आली पाहिजे. शेवटी त्यांनी अंकांचे पत्ते दिले आणि सगळ्यांना सांगितलं की पाठवत राहा, हिंमत सोडू नका. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायची, उत्तर येईपर्यंत दुसरीकडे दाखवायची नाही, हे त्या बोलल्या नाहीत. पात्र कसं उभं करावं, पहिलं वाक्य कसं असावं, शेवट कुठे थांबवावा, यावर तासन्‌तास बोलल्या. ही गोष्ट नाही बोलल्या.

मी कथा तीन ठिकाणी पाठवली. पुण्याच्या त्या अंकाकडे, नागपूरच्या एका अंकाकडे आणि मुंबईच्या एका मासिकाकडे. पाठवताना माझ्या मनात जराही चोरी नव्हती. दोन ठिकाणं लपवून तिसऱ्याकडे जायचं असतं हे कळलं असतं तर माझ्यासारख्याला ते अवघड नव्हतं.

मग महिनोन्‌महिने कुणाचा शब्द नाही. बाजारात मिलवाला पुडी परत देतो तरी. इथे पुडी कुणाच्या टेबलावर पडली आहे, उघडली आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. बायको रोज विचारायची, मी रोज चिडायचो. शेवटी तिने विचारणं सोडलं आणि मला त्याचाही राग आला.

राखीच्या सुमाराला नागपूरहून फोन आला. संपादक आमच्याच बोलीत बोलले. म्हणाले, भाऊ, तुमची गोष्ट आम्ही घेऊन राहिलो, पहिल्याच पानापासून लावतो, चित्रकाराले चित्र काढाले सांगतलं. मी आनंदाने हो म्हटलं. मी माणूस आहे. त्या दिवशी मी एका मिलवाल्याशी घासाघीस न करता सौदा पक्का केला, तो घाबरून मला तब्येत विचारायला लागला.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी पुण्याचा संदेश आला. कथा स्वीकारली आहे, आवडली, वेगळा अनुभव आहे, असं दोन ओळींत. मी तो संदेश उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा वाचला. ज्या कपाटासाठी लिहिली होती ते कपाट उघडलं होतं.

आता मी काय करायला हवं होतं ते आज मला माहीत आहे. पुण्याला हो म्हणायचं आणि नागपूरला काहीतरी थाप मारायची. घरात दुःखद घटना घडली, कथा मागे घेतो, वगैरे. तेवढं केलं असतं तर मी रीतभात असलेला लेखक ठरलो असतो. पण मी बाजाराचा माणूस. समोरच्याला दुसऱ्याचा भाव सांगितल्याशिवाय माझा सौदा पूर्ण होत नाही. मी पुण्याला फोन लावला, आभार मानले, आणि सांगितलं की नागपूरवाल्यांनीही घेतली आहे, पहिल्या पानावर चित्रासकट छापतो म्हणतात. माझं मन तुमच्या अंकाकडे आहे. तुम्ही कुठे छापणार ते सांगा, म्हणजे मी त्यांना नाही म्हणतो.

पलीकडून संपादकांनी विचारलं,

"म्हणजे ही कथा तुम्ही आणखी कुठे पाठवली आहे?"

"हो. तीन ठिकाणी. एकाचा जबाब अजून यायचा आहे."

"आणि हे तुम्ही मला सांगताय?"

"मग कोणाला सांगू? तुम्ही घेणारे. दुसऱ्याचा भाव तुमच्यापासून लपवला असता तर ते चोट्टेपण झालं असतं."

त्यांनी मला साहित्यातला संकेत समजावला. आवाज शांत होता, लहान मुलाला हात धुवायला सांगतात तसा. साहित्य म्हणजे बाजार नव्हे, असंही म्हणाले. इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाजार नाही तर तुमच्या अंकाच्या पाठीवर साबण काय करतो? आणि इतके महिने माझी कथा तुमच्याकडे मुकाट पडून होती, तेवढ्या काळात मी तिला कोणत्या खुंट्याला बांधून ठेवायची होती? कडबा तुम्ही टाकत होता का?

तेव्हा त्यांनी ते रीतभातीचं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी मी नागपूरला फोन केला, सौदा तिथे पक्का करावा म्हणून. पण तिथे आधीच कळलेलं होतं. संपादक एकमेकांना ओळखतात, हेही मला ठाऊक नव्हतं. आमचे मिलवाले तरी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. नागपूरचे संपादक रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "भाऊ, तुम्ही आम्हाले तराजूत टाकलं," ते म्हणाले. मी म्हटलं, दोन्ही पारडी बरोबर होती, माझ्या मनाने कोणाला कमी लेखलं नाही. ते म्हणाले, तुमचं बरोबर असन, पण आता नाही जमत. मुंबईच्या मासिकाकडून तर कधीच काही आलं नाही. त्यांच्या टेबलावर ती पुडी अजून बांधलेली असेल.

पुढच्या पातळीच्या लेखनवर्गातही मी नाव घातलं होतं, तो तेव्हा सुरू होता. त्याच आठवड्यात मॅडमनी शिष्टाचार हा विषय घेतला. एका व्यापारी गृहस्थांनी काय केलं ते त्यांनी नाव न घेता सांगितलं. दोन संपादकांना एकमेकांविरुद्ध बोली लावायला लावली म्हणे. चौकोनांतले चेहरे हसत होते. अमेरिकेतल्या जोडप्याने एकमेकांकडे बघून मान हलवली. मी आवाज चालू केला.

"मॅडम, तो व्यापारी मी. तुमच्या वर्गात होतो, पत्ते तुम्हीच दिले होते."

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, मला कल्पना नव्हती, मला एका स्नेह्यांकडून कळलं, वाईट वाटून घेऊ नका.

"वाईट नंतर वाटून घेतो. एवढं सगळं शिकवलं, हे काहून नाही शिकवलं?"

"अहो, ते सगळ्यांना माहीतच असतं."

त्यांनी ते दुष्टपणाने म्हटलं नाही. खरंच तसं वाटत होतं त्यांना. मी सगळ्या चौकोनांवरून नजर फिरवली. त्यांच्या मागची कपाटं पाहिली. या सगळ्यांना ते माहीत होतं. कुणाचे वडील लिहीत असतील, कुणाची मावशी संपादक असेल, कुणाच्या घरी जेवताना हे बोलणं होत असेल. मला ते माहीत असायला माझ्याही घरी एक माणूस होता. त्याला मी विचारलं नव्हतं, हे खरं. पण शिकायला तो गेला होता आणि मी नव्हतो गेलो, हेही खरं. मी वर्गातून बाहेर पडलो. मॅडमनी नंतर एक लांब संदेश पाठवला. त्यात त्यांनी माझ्या अस्सलपणाचं कौतुक केलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला दरवर्षीप्रमाणे आम्ही शहापूरला गेलो. जायचं नव्हतं. बायको म्हणाली, गोष्ट नाही छापली म्हणून नातं तोडाल का, दादांचा त्याच्यात काय संबंध. गेलो. पुण्याचा अंक आलेला होता, टीपॉयवर चिवड्याच्या ताटलीशेजारी. दादा नेहमीसारखा बोलत होता. घरातही तो छापील मराठीच बोलतो, शिकल्यापासून. मी अंक उचलला आणि अनुक्रमणिका वाचली. दादाचं परीक्षण होतं. मी ते वाचल्यासारखं केलं.

वहिनी मनाची साधी आहे. अनारशाचं ताट पुढे करत म्हणाली, "यंदा तुमचंही नाव आलं असतं ना भाऊजी त्याच्यात. त्या साहेबांचा फोन आला तेव्हाच मी यांना म्हटलं..."

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. माझ्या बायकोने अनारसा तोंडाजवळ नेला होता, तो तिने परत ताटात ठेवला.

"कोणाचा फोन?" मी विचारलं.

दादाने चष्मा काढून पुसला. मग सांगितलं, कारण सांगण्यावाचून इलाज नव्हता. पुण्याच्या संपादकांनी त्याला फोन केला होता, माझ्याशी भांडण झाल्यावर दोन दिवसांनी. आडनाव एक, जिल्हा एक, म्हणून विचारलं की हे कोण. रागीट दिसतात, पण कथा फार चांगली आहे, टाकून द्यायला जीव होत नाही. कुणा जबाबदार माणसाने हमी दिली की हे कथा दुसरीकडून मागे घेतील, तर मी झालेलं विसरून छापीन. एवढं ते म्हणाले होते.

"मग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, लांबचे नातेवाईक आहेत, फारसा संबंध नाही. हमी देता येणार नाही."

मला वाटलं होतं माझा आवाज चढेल. चढला नाही. बाजारात मी शेंगदाण्याएवढ्या गोष्टीवरून आभाळ डोक्यावर घेतो, आणि इथे मी हळूच विचारलं.

"सख्खा भाऊ लांबचा कधीपासून झाला, दादा?"

"तू त्यांच्याशी भांडून ठेवलं होतंस. कडबा, खुंटा, काय काय बोललास. माझे त्यांच्याशी इतक्या वर्षांचे संबंध आहेत. मी कोणत्या तोंडाने मध्ये पडणार होतो?"

"कथा वाचली का तू?"

"त्यांनी पाठवली होती. वाचली."

"कशी हाय?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. हायवेवरून ट्रक जात होते. वहिनी आत निघून गेली होती.

"चांगली आहे," तो म्हणाला. मग मान न वळवता, "मायले काहून घातलं त्याच्यात?"

किती वर्षांनी त्याच्या तोंडून मी 'माय' ऐकलं. मी म्हटलं, घातलं नाही, ती होतीच तिथे. तिने झाडलं म्हणून तू शिकला.

"ते मले माहीत नाई का? तू मले सांगून राहिला? मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण साऱ्या पुण्याले काहून सांगतं? लोक वाचतीन, मले विचारतीन."

"विचारतीन तर सांग."

"काय सांगू? समारंभात काय बोललो मी, तू होता तिथं."

होतो. तिसऱ्या रांगेत. तो उठला, कपाटाजवळ गेला, उगाच दोन अंक सरळ केले आणि परत येऊन माझ्या अगदी जवळ बसला. आवाज पुन्हा छापील झाला होता.

"हे बघ. असं करू. ती बाई रोवणीला जाते असं कर. फडा काढून टाक, आवार काढून टाक. मजुरी देताना मुकादम मस्करी करतो असं दाखव. धानाचीच गोष्ट राहील, तेवढीच चांगली होईल. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी. हमी देतो. पुढच्या दिवाळीला नक्की येईल, माझा शब्द."

त्याचा शब्द खरा होता, यात मला आजही शंका नाही. त्याने फोन केला असता, कथा आली असती, अनुक्रमणिकेत माझं नाव असतं आणि अंक त्या कपाटात लागला असता. मी आयुष्यात याहून वाईट सौदे पदरात पाडून घेतले आहेत आणि वर चहा पाजला आहे. घासाघीस करायलाही जागा होती. आवार काढतो, फडा ठेवतो. फडा काढतो, टोपली ठेवतो. दादा तेवढ्यावर आला असता. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, मिलवाले बघतात तसा, हा कुठे थांबेल याचा अंदाज घेत.

"माय येईल तर फडा घेऊन येईल," मी म्हटलं. "नाही तर येणार नाही."

"मग कोणी छापणार नाही तुले."

"नको छापू देऊ."

आम्ही निघालो. वहिनीने बायकोच्या हातात चिवड्याचा डबा दिला. तिचे डोळे भरलेले होते. तिची चूक काहीच नव्हती, पण मी तिच्याशीही बोललो नाही. तुमसरला पोचलो. घराचं कुलूप काढताना बायको म्हणाली, "हो म्हणाले असते तं काय बिघडत होतं? नाव तं आलं असतं." मी तिच्यावर ओरडलो. शेजारचे बाहेर आले. ती आत गेली, चुलीशी बसली, आणि तिथूनच म्हणाली की तिच्या सासूला तिने पाहिलं नाही, फक्त ऐकलं, म्हणून तिला त्यातलं कळत नाही. मग तिने विचारलं, त्या टोपलीतलं धान शेवटी कोणी घेतलं.

मी सांगितलं, कोणीच नाही. आईने घरी आणलं आणि आम्ही खाल्लं. दादा त्या आठवड्यात सुट्टीला घरी आला होता. तोही जेवला.

ती कथा अजून माझ्याकडेच आहे. एकदा दोन नकार पडलेली कथा तिसऱ्या दारात नेली तर तिथेही चौकशी होते, हे मला आता कळलं आहे. दादा आणि मी लग्नाकार्यात भेटतो, पावसापाण्याचं बोलतो. त्याचा अंक येतो. त्यात त्याचं परीक्षण असलं तर वहिनी माझ्या बायकोला फोन करून सांगते.

हा लेख मी एकाच ठिकाणी पाठवला आहे. संकेत आता मलाही माहीत आहे. यात कुणाचं नाव मी घातलेलं नाही. दादाचं नाही, संपादकांचं नाही, माझं स्वतःचंही आतमध्ये कुठे नाही. दादाला लोकांनी विचारलं तर त्याने खुशाल सांगावं की लिहिणारा कोण ते माहीत नाही, लांबचा असेल कुणी. पण आमची आई तुमसरच्या बाजारात सांडलेलं धान फड्याने झाडायची, आणि ते खाऊन आम्ही मोठे झालो. मी एकटा नाही, आम्ही दोघंही.